चार बोटं डावीकडे

मी प्रमिला घरत, राहणार पेण. नावावरून मला कोणी ओळखत नाही. पण आमच्याकडे हळदीला ‘शीड पिवळं’ लागलं, तिसरं कडवं आलं आणि सगळा मांडव डावा हात वर करून उलटी गिरकी घ्यायला लागला, की समजायचं, ही प्रमिला घरतची चूक. चव्वेचाळीस वर्षं लोक माझी चूक नाचताहेत. मुलाखतीला येणारे विचारायचे, “ही उलटी गिरकी सुचली कशी?” मी सांगायचे, “अहो, सुचली झालं.” धडधडीत खोटं.

गाणं १९९९ सालचं. त्याच्या आधी गाणं म्हणजे नुसतं ऐकायचं. कॅसेटच्या डबीवर गायकाचा पासपोर्ट फोटो, मागे एक नारळाचं झाड, संपलं. मग व्हीसीडीच्या चकत्या आल्या आणि कंपन्यांना कळलं की गाण्याला चेहरा लागतो. एक होडी, आठ मुली, एक कॅमेरा, आणि एका दिवसात चार गाणी उरकायची. गाणं कोळ्यांचं, नाचणाऱ्या आम्ही पेणच्या आगरी पोरी, आणि होडीत पाय ठेवला की मला मळमळायचं. पुढे चकत्या गेल्या, गाणी मोबाइलच्या कार्डात शिरली, चित्र तळहाताएवढं झालं. मग इंटरनेटवर कोणीतरी आमची घासलेली चकती चढवली आणि आम्ही पुन्हा जिवंत झालो. मग पंधरा सेकंदांचा जमाना आला. पंधरा सेकंदांत अख्खं गाणं मावतंय कुठे, मावली ती फक्त माझी उलटी गिरकी. पोलिसांनी केली, डॉक्टरांनी केली, एका नवरीने जेसीबीच्या फावड्यात उभं राहून केली.

आणि आता तर व्हिडिओ कोणी काढतच नाही. गाणं लावलं की यंत्र विचारतं, ‘कोणाला बघायचंय?’ तुम्ही सांगाल ते माणूस त्यात नाचतं. शेजारचे म्हात्रे गुरुजी रोज दुपारी आपल्या गेलेल्या बायकोला काश्मिरात नाचताना बघतात. ती बाई उभ्या जन्मात कधी नाचली नाही, काश्मीर तर सोडाच. मी एकदा म्हटलं, “गुरुजी, ह्या काही आपल्या वहिनी नव्हेत.” ते म्हणाले, “माहितीये गो मला. पण डोळे तिचे आहेत.” मी तिथेच बसून ते गाणं पुरं बघितलं.

कारण मलाही एक माणूस बघायचं होतं. फक्त मला ते खरं हवं होतं.

‘शीड पिवळं’चा व्हिडिओ नीट बघा. मी हसतेय, मान वेळावतेय, पण कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. माझी नजर कॅमेऱ्याच्या चार बोटं डावीकडे आहे. इंटरनेटच्या काळात खाली लोक लिहायचे, ‘ही सारखी कोणाकडे बघते? हिचा हिरो तिकडे उभा आहे का?’ हिरो कसला आलाय. तिकडे माझी ताई उभी होती.

नलिनीताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बाबा गणपतीच्या कारखान्यात रंगारी होते. अंगणात मूर्ती सुकत ठेवलेल्या असायच्या, हात ठेवायला जागा नाही, आणि ताई त्यांच्यामधून एकाही मूर्तीला धक्का न लावता नाचायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. वेणी कमरेच्या खाली. गिरकी घेतली की त्या वेणीचा सटकन फटका बसायचा. शेजारी उभी राहून शिकायचे ना, मी पुष्कळ खाल्लेत.

‘शीड पिवळं’ हे गाणं तिचं होतं. स्टेप तिने बसवल्या. ब्लाउज तिने शिवला, अकरा संध्याकाळी बसून त्यावर एकेक चंदेरी टिकली टाकली. नागावच्या किनाऱ्यावर सकाळी आम्ही उतरलो. दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “धाकटीला उभी करा. मोठीचा चेहरा कॅमेऱ्यात उठत नाही.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी ताईकडे बघितलंसुद्धा नाही. ब्लाउज मला ढगळ झाला, तर मागून सेफ्टी पिना लावून बसवला. पिना ताईनेच लावल्या.

मला स्टेप धड पाठ नव्हत्या. मग आमच्या धंद्यात करतात तेच केलं. शिकवणारी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून नाचते आणि समोरची तिचं बघून नाचते. शिकवणारीने आरशासारखं नाचायचं असतं. मला उजवा हात वर न्यायचा असेल तर तिने डावा न्यायचा. आणि ह्या कामाचा एकच मोठा नियम, समोरचीला पाठ दाखवायची नाही. गिरकी आली की शिकवणारी बोटाने हवेत गोल काढते, स्वतः फिरत नाही. ती फिरली तर समोरची आंधळी झाली.

दोन कडवी छान गेली. तिसऱ्याला उजवा हात वर आणि उजवीकडून गिरकी. ताईने मला उजवा हात दाखवला. म्हणजे मी काय करणार? आरशातलं समजून डावा उचलला आणि डावीकडून फिरले. मागच्या सगळ्या पोरी उजवीकडे, मी एकटी उलटी. दिग्दर्शक म्हणाला, “चालेल, चालेल, ऊन उतरतंय.” त्याचं चाललं, माझं डोकं फिरलं. सगळ्या युनिटसमोर मी ताईला म्हणाले, “तू मला मुद्दाम चुकवलंस. जळतेस तू माझ्यावर.”

ताई एवढंच म्हणाली, “थांब गो, पिना काढते.” पिना काढल्या, ब्लाउजची घडी करून माझ्या हातात दिली. त्यानंतर ती नाचली नाही. दोन वर्षांनी लग्न होऊन सुरतेला गेली. लग्नात मी मागच्या रांगेत उभी राहून अक्षता टाकल्या आणि जेवून आले. आम्ही बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू करत बारा वर्षं गेली आणि २०११ साली काविळीने ताई गेली. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

तिने मुद्दाम चुकवलं असेल तर ताई वाईट. नसेल तर मी. चव्वेचाळीस वर्षं मी ह्या दोघींच्या मधे उभी होते, आणि विचारायला कोणी उरलं नव्हतं.

मार्चमध्ये सुरतेहून फोन आला. केतकी, ताईची मुलगी. चाळिशीची झाली असेल, शाळेत गणित शिकवते. तिला मी दोनदा बघितलेली, दोन्ही वेळा ती माझ्याकडे बघत नव्हती.

“मला तुमच्याशी काही बोलायचं नाहीये,” ती म्हणाली. “माझं काम तुमच्या टेपशी आहे.”

आवाज अगदी ताईचा.

टेप माझ्याकडे होती. कंपनी बंद पडली तेव्हा भंगारात जाणारी ह्या गाण्याची बीटाकॅम, म्हणजे कंपनीतली मास्टर टेप, मी मागून आणली होती आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवली होती, त्या ब्लाउजच्या घडीखाली. केतकी म्हणाली की पुण्यात एका प्रयोगशाळेत फ्रेमच्या बाहेरचं दाखवणारं यंत्र आहे. व्हिडिओत दिसत नाही, पण शूटिंगच्या वेळी समोर होतं, ते ते काढून देतं. “आईचे लग्नातले फोटो आहेत माझ्याकडे. सगळ्यांत हार घालून खाली बघतेय. मी आठ वर्षांची होते ती गेली तेव्हा. तिला नाचताना मी एकदाही बघितलं नाही. ती नाचायची, हेच मला आजीने सांगितलं.” मग म्हणाली, “आणि तुम्ही तिला काय बोललात, तेही.”

मी म्हटलं, “पुण्याला ये. टेप घेऊन येते मी.”

तिला आईला नाचताना बघायचं होतं. मला ताईचा हात बघायचा होता. भीती मला जास्त होती, हे तिला कुठे माहीत.

प्रयोगशाळा बाणेरच्या पलीकडे, टेकडीच्या पोटाशी. तिथले शास्त्रज्ञ तडवी, जळगावकडचे, पस्तिशीचे, दाढी नीट कापलेली आणि बोलणं अघळपघळ. मला बघून म्हणाले, “या काकू.”

“काकू म्हणू नका,” मी म्हटलं. “ह्या टेपमध्ये मी वीस वर्षांची आहे.”

ते हसले. केतकी हसली नाही.

तडवींनी समजावून सांगितलं ते असं. कॅमेऱ्यासमोर जे जे चकाकतं, त्यात कॅमेऱ्यामागचं जग पडलेलं असतं. डोळ्याचं बुबुळ, ओली वाळू, बांगडी, टिकली. एका टिकलीत काय दिसणार? उजेडाचा एक कण. त्यातून काहीही कळत नाही. पण ब्लाउजवर टिकल्या दोन हजारांच्या वर, आणि गाण्यात चित्रं सहा हजार. “गावात चोर येऊन गेला आणि अख्ख्या गावाला विचारलं, तर कोणी चप्पल बघितलेली असते, कोणी सावली,” तडवी म्हणाले. “प्रत्येकाचं एवढंएवढंसं. यंत्र सगळ्यांचं ऐकून माणूस उभा करतं.”

त्यासाठी त्यांना ब्लाउज हवा होता. कोणती टिकली कुठे, कोणत्या कोनात शिवली आहे, हे यंत्राला कळायला हवं. मी घडी उघडली. केतकीने त्या टिकल्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “टाका आईचाच आहे. माझ्या फ्रॉकला असाच होता.”

आणखी एक गोष्ट तडवींनी सांगितली, ती महत्त्वाची. नुसत्या कणांनी भागत नाही. माणसाला वजन असतं, हाडं असतात. हात टाकला तर तो अमुक वेगाने खाली येतो, पृथ्वी सगळ्यांना सारखीच ओढते. यंत्र ह्या हिशोबात बसेल तेच शरीर उभं करतं. “आणि आमचा एक कायदा आहे. खोट्या व्हिडिओंनी एवढा उच्छाद मांडला ना, त्यानंतर झालेला. ज्याला उजेडाचा पुरावा आहे, तेवढंच आम्ही रंगात दाखवायचं. अंदाज असेल ते राखाडी.”

“आमच्या शेजारचे गुरुजी गेलेल्या बायकोला काश्मिरात नाचवतात, त्याला हा कायदा नाही का?” मी विचारलं.

“ती करमणूक झाली,” तडवी म्हणाले. “तिला कायदा नसतो.”

टेप वाचायला, टिकल्या मोजायला तीन दिवस गेले. केतकी आणि मी एकाच पाहुणेघरात राहिलो. ती सकाळी मला चहा आणून द्यायची, ‘घ्या’ म्हणायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. मी बोलायचा प्रयत्न केला. सुरतेला उकाडा फार का, विचारलं. ती म्हणाली, “असतो.” आपण पेरलं तेच उगवतं.

चौथ्या दिवशी सकाळी तडवींनी आम्हाला एका रिकाम्या खोलीत नेलं. भिंती काळ्या, जमीन काळी. त्यांनी बटण दाबलं आणि जमिनीवर, आमच्यापासून पाच पावलांवर, ताई उभी राहिली.

पुरी नव्हती. हात होते, कोपरापर्यंत स्वच्छ. निळ्या साडीचा काठ होता. वेणी तुकड्यातुकड्यांत. चेहरा मात्र राखाडी, धुतलेल्या पाटीसारखा. पण ती उभी राहिली होती तशी जगात कोणीच उभं राहत नाही, सगळं वजन एका पायावर आणि दुसऱ्या पायाचा अंगठा वाळूत रुतवलेला. माझ्या तोंडून “ताई” निघून गेलं. केतकीने ओठांवर हात दाबून धरला.

आवाज नव्हता. पहिलं कडवं सुरू झालं हे मला तिच्या मनगटावरून कळलं. ती आरशासारखी नाचत होती, अगदी नियमाने, माझ्यासाठी. दुसरं कडवं. बोटाने हवेत गोल काढला, ‘फीर’ म्हणून. ताईच्या त्या बोटाच्या जिवावर मी उभी होते, आणि मला तेव्हा वाटत होतं की मी नाचतेय.

मग तिसरं आलं.

तिचा उजवा हात हळूहळू बाजूला गेला. अगदी सावकाश, ठरवून, कोणाला ‘हो बाजूला’ म्हणून सारावं तसा. मग राखाडी. मग ती पाठमोरी दिसली. मग पुन्हा राखाडी, आणि चित्र थांबलं.

“हात कोणता होता?” मी विचारलं. “प्रतिबिंब आहे ना हे. उलटं असेल.”

“सुलट करूनच दाखवलंय,” तडवी म्हणाले. “उजवाच.”

उजवा हात दाखवला, ठरवून दाखवला, आणि वर पाठ फिरवली. शिकवणारीने पाठ फिरवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. केतकीला मात्र एवढं नक्की कळलं की आई सरळ वागली नव्हती.

ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही खरं बोलला होतात,” आणि बाहेर निघून गेली.

चव्वेचाळीस वर्षांनी माझं खरं ठरलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं रडू येत होतं. ताई वाईट निघाली ह्याचं नाही. लेकीला आयुष्यात पहिल्यांदा आई दिसली, आणि दिसली ती अशी.

कँटीनमध्ये केतकी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. चहावर साय धरली होती. मी माझा चहा घेऊन समोर बसले. ती म्हणाली, “तिची वेणी एवढी लांब होती? मला आठवतात ते आजारपणात कापलेले केस.”

“लांब म्हणजे? कमरेच्या खाली. आणि नुसती लांब नव्हे, गिरकी घेतली की फटका बसायचा फटका. माझ्या गालावर वळ उठलाय एकदा. आई विचारते कोणी मारलं, मी म्हणते ताईच्या वेणीने.”

केतकीच्या ओठाचा कोपरा हलला. “तिथे तर फटक्यासारखी वाटली नाही. पाण्यात गवत हलतं ना, तशी हलत होती.”

“हो ना,” मी म्हटलं, आणि कप खाली ठेवला.

पाण्यातल्या गवतासारखी. ताईची वेणी.

“ऊठ,” मी म्हणाले. “ऊठ केतकी, ऊठ. तो मेला वेग चुकलाय.”

गुडघे दुखतात म्हणून मी जिना टाळते. त्या दिवशी मी तो चढले.

“तडवी, तिसऱ्या कडव्याचा वेग कोणता धरलात?”

“टेपवर आहे तोच. वेगळा कशाला धरू?”

“अहो, ते कडवं स्लो मोशनचं आहे.”

त्यांचा चेहरा कोरा. त्यांचा तरी काय दोष, त्यांच्या जन्माआधीची गोष्ट. मी सांगितलं. गाण्यात मुलगी संथ, तरंगल्यासारखी दिसायला हवी, पण ओठ मात्र गाण्याशी जुळायला हवेत, तेव्हा काय करायचे? किनाऱ्यावर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचे. आम्ही दुप्पट वेगाने ओठ हलवायचो, दुप्पट वेगाने नाचायचो, माकडं दिसायचो माकडं. मग एडिटिंगला चित्र निम्म्या वेगाने सोडलं की ओठ बरोबर जुळायचे आणि पदर हवेत तरंगायचा. तुमच्याकडे आलीय ती एडिट होऊन तयार झालेली टेप. त्यातलं तिसरं कडवं निम्म्या वेगाचं आहे.

तडवी खुर्चीत मागे टेकले. “वाळू हळू पडत होती खरी,” ते म्हणाले. “यंत्राने तशी नोंदही केली होती. मला वाटलं, टेप जुनी आहे.”

“टेप जुनी झाली म्हणून वाळू हलकी होते का हो?”

ते ओशाळले. पण माणूस गुणी, लगेच कामाला लागला. मघाशी पृथ्वीची ओढ सांगितली ना, ती सगळी इथे गंडली होती. घड्याळ चुकलं म्हणून वजन चुकलं, वजन चुकलं म्हणून शरीर चुकलं. उडणारा हात यंत्राला सावकाश सारणारा वाटला. जिथे काहीच बसेना, तिथे त्याने राखाडी ओतलं. तडवींनी नवा वेग भरला आणि म्हणाले, “दीड तास लागेल.”

तो दीड तास आम्ही दोघी त्या काळ्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. केतकीने विचारलं, “आता काय दिसेल?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “कदाचित तेच, फक्त भराभर.”

“आणि ते नसेल तर?”

“तर वाईट मी,” मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं, काय नाही, देव जाणे.

तडवी आले. मी त्यांना म्हटलं, आवाजही लावा, आणि गाणं दुप्पट वेगाने लावा, किनाऱ्यावर वाजलं होतं तसं. त्यांनी लावलं. गायक उंदरासारखा चिरकायला लागला, ढोलकी पत्र्यावर खडे पडल्यासारखी. हसू यावं असाच आवाज तो. आणि त्या आवाजात ताई उभी राहिली.

सगळं मिळून अकरा सेकंद.

उजवा हात सपकन वर गेला. तो कोणाला सारत नव्हता, कोणाला काही दाखवत नव्हता. तो तिच्या गाण्यातला हात होता, तिने अंगणात मूर्तींच्या मधे बसवलेला. मधलं राखाडी विरलं होतं, तुकडे जुळले होते. ती फिरली. बोटाने गोल नाही काढला, स्वतः फिरली, अख्खी, पाठ माझ्याकडे. वेणी सटकन आडवी आली. पुन्हा फिरली. पुन्हा. तीन गिरक्या. पायाखालची वाळू उडून भसाभसा खाली पडली, वजन असलेली वाळू. तिसऱ्या गिरकीच्या शेवटी ती थांबली आणि तिचा हात खाली येता येता मधेच अडला. तिला तेव्हा आठवलं असणार की आपण शिकवायला उभ्या आहोत.

मी तिथे होते, मग मला हे दिसलं कसं नाही? मला तिचा हात दिसला आणि मी फिरले. फिरताना मी काय बघणार? मी वळून पुन्हा समोर आले तेव्हा ती जागेवर उभी होती. मला फक्त तो चुकीचा हात माहीत होता, आणि त्यावरून मी तिला जन्माचं बोलले.

ज्याला चुकवायचं असतं, त्याच्याकडे बघावं लागतं. ताईने माझ्याकडे पाठ केली होती, तीन वेळा. मी तिथे आहे हेच ती विसरली होती. कॅमेरा विसरली, दिग्दर्शक विसरली. तिचं गाणं लागलं होतं आणि ती एकदा, अकरा सेकंद, ते नाचली. तिने मनात काय आणलं असेल, ह्याच्या मी चव्वेचाळीस वर्षं शंभर तऱ्हा रचल्या. ही त्यात नव्हती.

आणि लोक हळदीला जे नाचतात ना, ते माझं नाहीच. ती चूकही माझी नाही. ते ताईचं नाचणं आहे, माझ्यात उलटं पडलेलं.

“तर मग मीच,” मी मोठ्याने म्हणाले. “केतकी, मीच वाईट. ती ‘पिना काढते’ एवढंच म्हणाली आणि मला वाटलं, पकडली गेली म्हणून उलट बोलत नाहीये.”

केतकीने मला माफ वगैरे केलं नाही. तसं काही ती बोलली नाही, मीही मागितलं नाही. माफी जिच्याकडे मागायची ती पाच पावलांवर उभी होती, राखाडी चेहऱ्याची. केतकी डोळे पुसत म्हणाली, “मावशी, परत लावायला सांग ना.”

मघापर्यंत ती मला तुम्ही म्हणत होती.

आम्ही परत बघितलं. मग परत. पाचव्यांदा बघून झाल्यावर तडवी हळूच म्हणाले, “कायद्याने मला देता येणार नाही, पण घरगुती प्रतीत चेहरा भरून देता येईल. फोटो आहेत तुमच्याकडे. डोळे, हसू, सगळं बसेल. कोणाला कळणारही नाही.”

मी केतकीकडे बघितलं. हा निर्णय माझा नव्हता. गुरुजी आठवले मला, आणि खरं सांगते, मलाही मोह झाला. ताईने एकदा माझ्याकडे बघितलं असतं, खोटं का होईना.

केतकी म्हणाली, “नको. आईचा चेहरा मला आठवतो. नाच तेवढा नव्हता माझ्याकडे.”

“बाबा हेच म्हणायचे,” मी म्हटलं. “डोळे आखायचे ते अंदाजाने नाही. हात ठरत नसेल तर मूर्ती तशीच ठेवायची.”

तडवींनी मान हलवली आणि आम्हाला खोलीत सोडून निघून गेले. जाताना त्यांनी ते अकरा सेकंद पुन्हापुन्हा लागतील असं करून ठेवलं. उंदरासारखा गायक चिरकायला लागला. मी उठले, गुडघ्याला दोन शिव्या घातल्या आणि आत जाऊन ताईच्या शेजारी उभी राहिले. समोर नाही, शेजारी. लहानपणी राहायचे तशी. वेणी माझ्या गालातून आरपार गेली, लागली नाही. ती लागायला हवी होती, असं फार वाटलं.

केतकी अजून समोर उभी होती. ती आयुष्यात कधी नाचली नसेल, तिच्या खांद्यांवरून कळत होतं. ताईचा उजवा हात वर गेला तसा तिने आपला हात चाचरत उचलला. डावा. समोरच्याचं बघून सगळे उचलतात तो.

“उजवा, बाळा,” मी म्हणाले. “इकडे ये, हिच्या बाजूला उभी राहा. ती आता कोणाला शिकवत नाहीये.”